आयात केलेला मध: भेसळ, तपासण्या आणि पुण्यातल्या ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अन्नतपासणीच्या क्षेत्रात काम करतो. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, कुठेही लोक मला मधाबद्दल विचारतात. तूप आणि पनीर यांच्या खालोखाल मधाचाच नंबर. अलीकडे यातले बरेच प्रश्न परदेशी बाटल्यांबद्दल असतात. कॅम्प, कोरेगाव पार्क, बाणेर इथल्या दुकानांत त्या आता एका पूर्ण फळीवर मांडलेल्या असतात, आणि किंमत पाहून माणूस आधी दचकतो, मग विचार करतो की एवढी महाग आहे म्हणजे अस्सलच असणार. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

परदेशातून आलेला मध आपल्यापेक्षा शुद्ध असतो ना?

असं गृहीत धरू नका. युरोपीय संघाने २०२१-२२ मध्ये बाहेरून येणाऱ्या मधाचे ३२० नमुने तपासले. निकाल मार्च २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यातले १४७, म्हणजे ४६ टक्के नमुने भेसळीचे असल्याचा संशय निघाला. त्याआधीच्या, २०१५ ते १७ दरम्यानच्या पाहणीत हेच प्रमाण १४ टक्के होतं. चीनच्या ८९ नमुन्यांपैकी ६६ संशयास्पद होते, तुर्कस्तानच्या १५ पैकी १४. आणि ब्रिटनहून आलेले दहाच्या दहा! ब्रिटनमधल्या मधमाश्या बिघडलेल्या नाहीत. इतर देशांतून आणलेला मध तिथे मिसळून, बाटल्यांत भरून पुढे पाठवला जात असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. बाटलीवरचा देश आणि फुलांचा देश एकच असेल असं नाही.

आपल्याकडचंही एक जुनं उदाहरण आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने २०१० मध्ये १२ ब्रँडचा मध प्रतिजैविकांसाठी तपासला, त्यातल्या ११ मध्ये अवशेष सापडले. त्या ११ मध्ये दोन परदेशी ब्रँड होते, एक ऑस्ट्रेलियाचा आणि एक स्वित्झर्लंडचा.

भारतात खूप मध आयात होतो का?

नाही. आपण मुख्यतः निर्यात करणारा देश आहोत. २०२३-२४ मध्ये एक लाख टनांहून जास्त मध बाहेर गेला, त्यातला मोठा वाटा अमेरिकेला. आयात त्या मानाने किरकोळ आहे, शिवाय मधावर आयात शुल्काचा सर्वसाधारण दर ६० टक्के आहे. म्हणून पुण्यात दिसणारा परदेशी मध हा बहुधा महागड्या बाटलीतला असतो: न्यूझीलंडचा मनुका (म्हणजे बेदाणा नव्हे, तिथल्या मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांचा मध), युरोपातला अकेशिया, आखातातून आलेला सिद्र म्हणजे बोरीच्या जातीच्या झाडाचा.

आपल्या ताटाशी जास्त संबंध असलेली आयात वेगळीच आहे. ती मधाची नसून मधात मिसळायच्या पाकाची आहे. त्याबद्दल पुढे.

भेसळ नेमकी करतात कशी?

गूळ-पाण्याचा काळ गेला. आता कारखान्यात तयार केलेला पाक वापरतात: तांदळाच्या, मक्याच्या, बीटच्या स्टार्च-साखरेवर विकरांची (एन्झाइमची) प्रक्रिया करून त्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण मधासारखं आणलेलं असतं. वरच्याच युरोपीय अहवालात किमती दिल्या आहेत. २०२१ मध्ये आयात मधाचा सरासरी दर किलोला २.३२ युरो, तर तांदळाच्या पाकाचा ०.४० ते ०.६० युरो. एका कंटेनरमध्ये साधारण २० टन माल मावतो. त्यात तिसरा हिस्सा पाक घातला तर काय सुटतं, हा हिशोब तुम्हीच करा.

दुसरे दोन प्रकार लोकांना माहीत नसतात, कारण त्यांत बाहेरून काहीच घालावं लागत नाही. एक म्हणजे कच्चा मध काढणं. माशा पोळ्यातल्या रसातलं पाणी पंखांनी वारा घालून उडवतात आणि मग घरं मेणाने बंद करतात. यात दिवस जातात. काही ठिकाणी घरं बंद व्हायच्या आतच पातळ रस काढून तो कारखान्यात निर्वात यंत्राने आटवतात. दुसरा प्रकार रेझिनचा, म्हणजे नको ते घटक शोषून घेणाऱ्या दाण्यांचा. मध रेझिनच्या स्तंभातून गाळला की रंग, वास, प्रतिजैविकांचे अवशेष निघून जातात. सोबत मधाची ओळखही जाते. उरतो तो गोड, फिकट, कुठल्याही देशाचा म्हणून खपेल असा द्रव. मधमाशीपालकांच्या जागतिक महासंघाने, एपिमोंडियाने, या दोन्ही गोष्टी फसवणूकच मानल्या आहेत.

प्रयोगशाळेत पास झालेला मध भेसळीचा कसा असू शकतो?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

मध हा साखरेचाच द्राव आहे. त्यात साखर घातली तर ती 'सापडणार' कशी? यासाठी कार्बनचा आधार घेतात. निसर्गात कार्बन-१२ बरोबर थोडा कार्बन-१३ असतो. ऊस आणि मका या वनस्पती हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात, त्यांना सी-४ म्हणतात. बहुतेक फुलझाडं दुसऱ्या पद्धतीने घेतात, ती सी-३. दोन्ही गटांच्या साखरेत कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं असतं. मधातल्या प्रथिनातला कार्बन आणि पूर्ण मधातला कार्बन यांची तुलना केली की उसाची किंवा मक्याची साखर घातली आहे का ते कळतं. आपल्याकडे सी-४ साखरेची मर्यादा ७ टक्के आहे.

चाचणी उत्तम आहे. पण तांदूळ, बीट, गहू, कसावा हे सगळे सी-३ गटात बसतात, म्हणजे फुलांच्याच गटात. ही चाचणी रुळली तसा बाजारात मक्याच्या पाकाऐवजी तांदळाचा पाक आला. मग तांदळाच्या पाकाच्या खुणा शोधणाऱ्या चाचण्या आल्या, त्यांना एसएमआर आणि टीएमआर म्हणतात. स्टार्च तोडताना मागे राहणाऱ्या लांब साखळीच्या साखरा मोजणारी परकीय ऑलिगोसॅकराइडची चाचणीही आली. त्यावर त्या खुणा धुऊन काढलेला पाक आला. मधातलं प्रोलीन हे अमिनो आम्ल मोजायला लागलो, तर प्रोलीन बाहेरून घालता येतं. डायस्टेज हे विकर मोजलं, तर तेही घालता येतं. परागकण मोजले, तर परागही विकत मिळतात.

प्रश्नपत्रिका आधीच छापून आली असेल तर तेवढेच धडे पाठ करणारा विद्यार्थी पास होणारच. मानकांची यादी राजपत्रात छापलेली असते. ती तशी असायलाच हवी, कारण प्रामाणिक उत्पादकालाही नियम कळले पाहिजेत. पण म्हणून 'पास' या शब्दाचा अर्थ एवढाच घ्यायचा: ज्या चाचण्या केल्या, त्यांत काही आढळलं नाही. अहवाल हाती आला की मी निकालाच्या रकान्याआधी कुठल्या चाचण्या केल्या तो रकाना वाचतो.

२०२० मध्ये गाजलेलं प्रकरण काय होतं?

सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या त्याच दिल्लीच्या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. आधी नमुने गुजरातेत आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे भारतीय मानकांनुसार बहुतेक मोठे ब्रँड पास झाले. मग जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर ही अधिक बारकाईची चाचणी झाली (ती काय ते पुढच्या प्रश्नात), तेव्हा १३ पैकी ३ ब्रँड टिकले. कंपन्यांनी निष्कर्ष फेटाळले, चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. तो वाद बाजूला ठेवू.

मला त्या तपासातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. चिनी व्यापारी संकेतस्थळांवर 'भारतीय चाचण्यांत पकडला जाणार नाही' अशी खात्री देऊन फ्रुक्टोजचा पाक उघड विकला जात होता. संस्थेने तो मागवला. उत्तराखंडात जसपूर इथे असाच पाक बनवणारा कारखानाही त्यांना सापडला. मग शुद्ध मधात तो पाक २५ आणि ५० टक्के मिसळून मुद्दाम भेसळीचे नमुने तयार केले. ते भारतीय मानकांच्या चाचण्यांत पास झाले. निम्मा पाक, आणि पास.

त्याच वर्षी मे महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, गोल्डन सिरप, इन्व्हर्ट साखरेचा पाक आणि तांदळाचा पाक आयात करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली होती. पण त्या नावांनी आयात जवळजवळ सापडेचना. माल फ्रुक्टोज किंवा ग्लुकोजचा पाक म्हणून येत होता, आणि ते मिठाई-औषधांसाठी कायदेशीरच आहे.

एनएमआर म्हणजे काय? ती सगळीकडे सक्तीची का करत नाहीत?

एनएमआरमध्ये मधाचा थेंब प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यातल्या अनेक घटकांचा एकत्रित आलेख काढतात. एकेका घटकाची मर्यादा तपासण्याऐवजी तो पूर्ण आलेख हजारो अस्सल मधांच्या संग्रहाशी ताडून पाहतात. एक खूण लपवता येते, पूर्ण आलेख जुळवणं फार कठीण. म्हणून निर्यातीच्या मधासाठी ऑगस्ट २०२० पासून आपल्याकडे ही चाचणी लागू केली गेली. देशात खपणाऱ्या मधाच्या मानकांत ती नाही. अमेरिकी ग्राहकासाठी एक चाळणी आणि सदाशिव पेठेतल्या ग्राहकासाठी दुसरी, हे मला तरी पटत नाही.

पण सक्तीच्या विरोधातला एक मुद्दा खरा आहे. यंत्राचा निकाल संग्रहाइतकाच चांगला. त्या संग्रहात सह्याद्रीतला हिरडा, जांभूळ, कारवी किती आहे? आपल्या फुलांचे पुरेसे अस्सल नमुने त्यात नसतील, तर युरोपीय मधाशी न जुळणारा चांगला मधही संशयित ठरेल. यंत्र महाग आहे हा मात्र मुद्दा होऊ शकत नाही. कंपन्या निर्यातीसाठी तो खर्च करतातच.

पाण्यात थेंब टाकून, काडी पेटवून, अंगठ्यावर ठेवून कळतं का?

साखर-पाण्याची गावठी भेसळ असेल तर कधी कधी कळतं. कारखान्यातला पाक मधाइतकाच दाट असतो, तोही पाण्यात तळाशीच जाईल. त्यात भिजवलेली वातही पेटेल. मोबाइलवर फिरणारे ते व्हिडिओ बघून बाटली परत करायला जाऊ नका.

मध गोठला, तळाशी साखर धरली. म्हणजे भेसळ?

उलट, बऱ्याचदा ते मध चांगला असण्याचाच भाग असतं. ग्लुकोज जास्त असलेला मध थंडीत रवाळ होतो. मोहरीचा मध तर काही आठवड्यांत तुपासारखा घट्ट होतो, जांभळाचा बराच काळ पातळ राहतो. कोमट पाण्यात बाटली ठेवा, पूर्ववत होईल. उकळत्या पाण्यात नको. मध तापला की त्यात एचएमएफ नावाचा घटक वाढतो. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. उन्हात तळपणाऱ्या कंटेनरमध्ये किंवा गोदामात महिनोन् महिने पडलेल्या मधातही तो वाढतो, म्हणून आयात मधात हा आकडा मी आवर्जून बघतो.

मनुका मध खरा कसा ओळखायचा?

फसवणुकीला सगळ्यात जास्त वाव इथे आहे, कारण किंमत. त्याचबरोबर ओळखण्याची सगळ्यात चांगली सोयही इथेच आहे.

न्यूझीलंडच्या सरकारने २०१७ च्या अखेरीस मनुका मधाची शास्त्रीय व्याख्याच ठरवली: चार रासायनिक खुणा आणि एक डीएनए खूण. निव्वळ मनुका म्हणायचं तर त्यातल्या ३-फिनाइललॅक्टिक आम्लाचं प्रमाण किलोला किमान ४०० मिलिग्रॅम हवं. ते २० ते ४०० च्या मधे असेल तर तो 'मिश्र फुलांचा मनुका'. लेबलवर हा फरक बारीक अक्षरांत असतो आणि किमतीत फारसा दिसत नाही, म्हणून तो नीट वाचा.

मग आकडे. एमजीओ म्हणजे मिथाइलग्लायॉक्सल, किलोला मिलिग्रॅममध्ये. यूएमएफ ही तिथल्या उत्पादकांच्या संघटनेची श्रेणी: यूएमएफ ५ ला एमजीओ किमान ८३, १० ला २६३, १५ ला ५१४, २० ला ८२९. नुसतं '२०+' लिहिलं असेल आणि कशाचं ते लिहिलं नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. 'ॲक्टिव्ह', 'बायो-ॲक्टिव्ह' या शब्दांचंही तेच. एमजीओ बाहेरूनही मिसळता येतं. न्यूझीलंडमध्येच एका कंपनीला अशा कृत्रिम मिश्रणाबद्दल शिक्षा झाली आहे. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा, न्यूझीलंडमध्येच बाटलीबंद झालेला, बॅच क्रमांकावरून अहवाल बघता येणारा मध घ्यावा.

आणि घसा खवखवतो म्हणून हजारोंची बाटली घ्यावी का? मी घेणार नाही.

आयात बाटलीवर काय बघायचं?

सगळ्यात आधी पाठीमागचं स्टिकर. त्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक हवा. ही माहिती, शाकाहारी चिन्हासकट, माल भारतात आल्यावर गोदामात चिकटवायची मुभा आहे, त्यामुळे स्टिकर आहे म्हणून संशय घेऊ नका. पण बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख मूळ छपाईतलीच हवी. ती स्टिकरवर असेल किंवा स्टिकरखाली दुसरी तारीख दिसत असेल, तर बाटली तिथेच ठेवा. परवाना क्रमांक प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

आयातदाराचं नावच नाही, छापील किंमत रुपयांत नाही, अशी बाटली म्हणजे कुणीतरी सामानातून आणून विकलेला माल. तो अस्सल असेलही. पण काही झालं तर जबाबदार कोण, हे शोधता येणार नाही.

मूळ देश वाचताना 'अमुक देशात पॅक केलेला' आणि 'अमुक देशातला' यांत फरक करा. 'युरोपीय आणि बिगर-युरोपीय मधांचं मिश्रण' असं लिहिलेलं असेल तर पृथ्वीवरचा कुठलाही मध त्यात असू शकतो. युरोपने याबाबत नियम बदलला आहे. जून २०२६ पासून मिश्रणातले देश टक्केवारीसह लिहावे लागतात.

बंदरावर तपासणी होत नाही का?

होते. मुंबईजवळ न्हावा-शेवा बंदरात किंवा विमानतळावर माल उतरला की आयातदाराचा क्लिअरिंग एजंट कागद दाखल करतो. प्राधिकरणाचा अधिकारी कागद, लेबल, उरलेली मुदत बघतो. एकूण मुदतीच्या ६० टक्के किंवा ३ महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक लागते. मग नमुना प्रयोगशाळेत जातो. पण प्रत्येक खेपेचा नमुना जात नाही. माल, देश, आयातदाराचा पूर्वेतिहास बघून जोखमीप्रमाणे निवड होते. आणि नमुना गेला तरी तपासणी मानकांच्या यादीनुसारच होणार. म्हणजे आपण वर बोललो त्याच चौकटीत.

एका देशाचा मध दुसऱ्या देशाचा म्हणून कसा खपवतात?

अमेरिकेने २००१ मध्ये चिनी मधावर जबर डंपिंगविरोधी शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरचं शुल्क, बसवलं. २००२ मध्ये युरोपने क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक सापडल्यामुळे चिनी मध काही काळ बंदच केला. त्यानंतर ज्या देशांत फारसा मध होत नव्हता त्यांच्याकडून अमेरिकेला भरपूर मध जाऊ लागला. पिंपं आशियातल्या दुसऱ्या बंदरात उतरायची, लेबलं आणि कागद बदलायचे, पुढे रवाना. कधी मध गाळून त्यातले पराग काढून टाकायचे, कारण परागावरून फुलं आणि फुलांवरून प्रदेश कळतो. २०१० मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी एका जर्मन अन्नव्यापार कंपनीशी संबंधित ११ जण आणि ६ कंपन्यांवर आरोप ठेवले. चुकवलेलं शुल्क सुमारे ८ कोटी डॉलर होतं. २०१३ मध्ये दोन अमेरिकी कंपन्याही अडकल्या. भारतही या मार्गावरचा एक थांबा असल्याचे आरोप तेव्हा झाले होते. २०१० मध्ये युरोपने भारतातून येणारा मध वर्षभराहून जास्त काळ थांबवला, त्यामागे माल नेमका कुठून आला हे सिद्ध करण्यातल्या त्रुटीही होत्या.

मग घाटरस्त्यावर बादलीत पोळ्यासकट मिळतो तोच बरा?

पोळ्याचा तुकडा पाकात बुडवून ठेवायला किती वेळ लागतो? तिथे बॅच नाही, परवाना नाही, विकणारा उद्या तिथे असेलच असं नाही.

पण सह्याद्रीतला खरा मध हा वेगळा विषय आहे, आणि इथे मानकांची एक गंमत आहे. सातेरी या आपल्या स्थानिक माशीच्या मधात पाण्याचा अंश बऱ्याचदा २० टक्क्यांच्या वर जातो, मानकात मर्यादा २० ची. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा मधपाळ पेट्यांना साखरेचा पाक देतात, नाहीतर वसाहत मरते. तो थोडा जरी मधाच्या कोठीत राहिला तर सी-४ चाचणीत मध नापास, कारण साखर उसाची! म्हणजे महाबळेश्वर तालुक्यातला लहान मधपाळ नापास होतो, आणि रसायनतज्ज्ञ पदरी ठेवून तांदळाचा पाक मिसळणारा पास. कारवीच्या बाबतीत मात्र नियम करणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवले. सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा मध इतर मधांपेक्षा वेगळा असतो, म्हणून भारतीय मानकात त्याला नावानिशी सवलत आहे. इतर मधात सुक्रोज ५ टक्के चालतं, कारवीच्या मधात १० टक्के.

महाराष्ट्र खादी मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. जवळचं मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' जाहीर झालं, नंतर कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगाव. तिथून किंवा ओळखीच्या मधपाळाकडून घेतलेला मध पातळ वाटला तर लगेच नाक मुरडू नका. फ्रीजमध्ये ठेवा, लवकर संपवा. फेस येऊन आंबूस वास आला तर आंबला आहे.

पुण्यात मध तपासून कुठे मिळेल?

गणेशखिंड रस्त्यावर खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. मधाबद्दल बोलायला शहरात याहून योग्य जागा नाही. आधी चौकशी करून जा. शिवाय एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता आणि एफएसएसएआयची अधिसूचना असलेल्या खासगी प्रयोगशाळा आहेत. त्यांना 'मध तपासा' एवढंच सांगू नका. ओलावा आणि साखरा एवढंच तपासून 'मानकाप्रमाणे' असा अहवाल मिळेल. सी-४, एसएमआर, टीएमआर, परकीय ऑलिगोसॅकराइड आणि एचएमएफ हे मागून घ्या, दरपत्रक आधी घ्या. चार-सहाशे रुपयांच्या बाटलीसाठी हा खर्च एकट्याला परवडत नाही. सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून केला तर जमतं.

अन्नसुरक्षा कायद्याचं ४० वं कलम फार कमी लोकांना माहीत आहे. त्यानुसार कुठलाही ग्राहक शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून खरेदी केलेला पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एक: खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. पदार्थ नापास झाला तर शुल्क परत मिळतं. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात उभं राहून हे वाक्य म्हणायला थोडं धैर्य लागतं, हे कबूल. पण दुकानदाराचा चेहरा बघूनही बरंच कळतं.

भेसळ सिद्ध झाली तर शिक्षा काय?

पाकाची भेसळ बहुधा 'कमी दर्जाचा पदार्थ' या कलमात बसते. कमाल दंड ५ लाख रुपये. दिशाभूल करणाऱ्या लेबलला ३ लाख, फसव्या जाहिरातीला १० लाख. तुरुंगवासाची तरतूद आहे ती 'असुरक्षित' अन्नासाठी, आणि साखरेचा पाक काही विष नाही. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा, त्यावर अपील करता येतं, मग नमुन्याचा दुसरा भाग रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या, प्रयोगशाळेत जातो. कंटेनरमागे सुटणारा नफा आणि हा दंड शेजारी ठेवून बघितले की धंदा का चालतो ते कळतं.

तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात, फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करा. उघडलेल्या बाटलीसोबत त्याच बॅचची एक सीलबंद बाटली आणि पक्कं बिल असेल तर तक्रारीला वजन येतं. बिल नसेल तर फार आशा ठेवू नका.

बाळाला मध चाटवायचा तर परदेशी, शुद्ध घ्यावा का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध देऊ नका. शुद्ध, महाग, घरचा, मनुका, कुठलाच नाही. बारशाला आजींनी आग्रह केला तरी नाही, बाळगुटीतही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, मान ढिली पडते. अशी चिन्हं दिसली तर थेट बालरोग विभागात जा आणि मध दिला होता हे डॉक्टरांना न लाजता सांगा. उकळून हे बीजाणू मरत नाहीत. भेसळीशी याचा संबंध नाही, अस्सल मधातही ते असतात.

मधुमेह असेल तर शुद्ध मध चालतो ना?

शुद्ध असला तरी तो बहुतांशी साखरच आहे. डॉक्टरांना विचारा, मला नको.

'पुरुषांसाठी' म्हणून परदेशी मधाची छोटी पाकिटं मिळतात, ती?

हात लावू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये अशा मध-उत्पादनांबद्दल चार कंपन्यांना इशारा दिला. त्यांत सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही लैंगिक दुर्बलतेवरची औषधं लेबलवर न लिहिता मिसळलेली सापडली. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो.

माझी बेकरी आहे. आयात मध घाऊक घेताना काय मागू?

पुरवठादार 'सर्टिफिकेट' म्हणून एक पीडीएफ पाठवेल. त्यावरचा बॅच क्रमांक तुमच्या डब्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते आधी बघा. नेहमीचा प्रकार असा की एकच जुना अहवाल वर्षभर सगळ्या खेपांना फिरत असतो. मग नमुना कोणी घेतला ते बघा. 'ग्राहकाने आणून दिलेला नमुना' असं लिहिलं असेल तर तो अहवाल त्या लहान बाटलीचा आहे, तुमच्या पिंपाचा नाही. एनएमआर केली असेल तर कुठल्या देशाच्या संग्रहाशी ताडली ते विचारा. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या सीमाशुल्क कागदाची, प्रत मागा, किंमत झाकून दिली तरी चालेल. मूळ देश आणि मालाचं वर्णन दिसलं पाहिजे. आणि दर बाजारापेक्षा बराच कमी असेल तर बाकीचं काही विचारूच नका.

प्रत्येक खेपेतला पाव किलो मध काचेच्या बरणीत, बॅच आणि तारीख लिहून, अंधाऱ्या कपाटात ठेवा. त्या खेपेचा शेवटचा केक खपून त्याची मुदत संपेपर्यंत ती बरणी टाकू नका.